उतारवयाची ओवी

वार्धक्य आणि कला हे दोन शब्द आपल्याकडे एकत्र उच्चारले, की तिसरा शब्द आपोआप जिभेवर येतो : विरंगुळा. निवृत्त झालेले मास्तर कविता करू लागले किंवा संसाराच्या रगाड्यातून मोकळ्या झालेल्या आजीबाई भजनात रमल्या, की ‘बरे झाले, त्यांचा वेळ जातो’ असे आपण म्हणून मोकळे होतो. या उद्गारात दुष्टावा मुळीच नसतो. परंतु त्यात एक निवाडा दडलेला असतो. या वयात जे लिहिले वा गायिले जाते, ते वेळ घालविण्याचे साधन होय, काही सांगण्याचे नव्हे, असा तो निवाडा आहे. प्रस्तुत लेखात आम्हांस या निवाड्याचीच तपासणी करावयाची आहे. उत्तरायुष्यात माणूस कलेकडे वळतो तेव्हा त्याच्या जखमा खरोखरच भरून येतात काय, आणि येत असतील तर त्या कोणत्या गुणामुळे, हा आमचा प्रश्न आहे.

हे आम्ही लिहीत आहोत ते हदगावच्या परिसरात बसून. पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख कापसाचा, ज्वारीचा, हळदीचा आणि अलीकडे सोयाबीनचा. घरातली कर्ती मुले नांदेड, पुणे किंवा हैदराबादची वाट धरतात, आणि गावात उरतात ती म्हातारी माणसे. मराठवाड्यातील आपली कॅथलिक कुटुंबे मुळातच विखुरलेली. येथील श्रद्धावंतांसाठी औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, यावरूनच हा समाज येथे किती अलीकडे संघटित झाला ते ध्यानी यावे. अशा ठिकाणी वृद्धांचे एकाकीपण दुहेरी असते. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढील भारतीयांची संख्या सुमारे दहा कोटी चाळीस लाख भरली होती. एवढ्या माणसांच्या मनात साठलेले आयुष्य जर केवळ वेळ घालविण्यापुरतेच उरणार असेल, तर तो तोटा त्यांचा एकट्यांचा नव्हे, तुमचा-आमचाही आहे.

या विषयाचा उगम शोधण्यासाठी आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. लूकलिखित शुभवर्तमानाचा आरंभच वृद्धांच्या गाण्यांनी झालेला आहे. जखऱ्या हा वयोवृद्ध याजक. देवदूताच्या वचनावर त्याचा विश्वास बसला नाही आणि त्याची वाचा गेली. बाळाच्या जन्मानंतर आठव्या दिवशी नाव ठेवण्याची वेळ आली, तेव्हा त्याने पाटी मागविली व तिच्यावर मुलाचे नाव लिहिले; आणि लगोलग त्याचे तोंड उघडले. येथला क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो. आधी लिहिणे, मग वाचा, आणि मग स्तोत्र. कित्येक महिन्यांच्या मुकेपणातून हा म्हातारा बाहेर पडला तो पाटीवरच्या एका नावाच्या द्वारे. पुढे मंदिरात शिमोन बाळ येशूला हातांत घेऊन गातो, आणि चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना भेटेल त्याला ती वार्ता सांगत सुटते. ख्रिस्तसभेने या वृद्धांचे शब्द अडगळीत टाकले नाहीत. जखऱ्याचे स्तोत्र ती रोज प्रभातवंदनेत म्हणते आणि शिमोनचे स्तोत्र रात्रीच्या प्रार्थनेत. म्हणजे ख्रिस्तसभेचा दिवस एका म्हाताऱ्याच्या गाण्याने उजाडतो आणि दुसऱ्या म्हाताऱ्याच्या गाण्याने मावळतो. एवढे असताना आपल्या घरातील वृद्धांच्या शब्दांना आपण विरंगुळा म्हणावे, हे विपरीत होय.

आता शुभवर्तमानाकडून आपल्या मातीकडे येऊ. मराठवाड्यातील स्त्रीने आपले दुःख ज्या रूपात मांडले ते रूप म्हणजे जात्यावरची ओवी. पहाटेच्या अंधारात दळण घेऊन बसायचे, उजव्या हाताने खुंटा फिरवायचा, डाव्या हाताने जात्याच्या तोंडात घास घालायचा, आणि त्या घरघरीच्या लयीवर एकेक ओवी सोडायची. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याच्या संकलनात हयात वेचली. १९८० नंतर पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, परंतु महाराष्ट्रालाच आपले घर मानलेले गी पॉइटवँ यांनी खेडोपाडीच्या स्त्रियांच्या मदतीने हे काम फार मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या संग्रहात जमा झाल्या. त्यांत मुळशीच्या डोंगरातल्या ओव्या आहेत, तशाच बीड जिल्ह्यातील माजलगावच्या दलित वस्तीत बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्याही आहेत. पॉइटवँ २००४ साली गेले. परंतु तो संग्रह आज ध्वनिमुद्रणांसह अभ्यासकांस व सामान्य श्रोत्यांस खुला आहे.

ओवीचे कौतुक पुष्कळ झाले. तिची चिकित्सा मात्र त्या मानाने थोडी झाली. पहिली गोष्ट अशी की, ओवी गाणारी स्त्री सुखी होती आणि म्हणून ती गात होती, ही शहरी समजूत निखालस खोटी आहे. दळण हे कष्टाचे काम होते. अनेक घरांत ते रोजचे होते आणि सासुरवाशिणीच्याच वाट्याला येणारे होते. ओवी त्या कष्टाला सजविण्यासाठी नव्हती, तो सोसता यावा म्हणून होती. दुसरी गोष्ट, ओवीतली तक्रार कधी मोकाट सुटत नाही. सासरचा जाच, माहेरची ओढ, दूर गेलेला भाऊ, न परतलेला मुलगा, हे सारे तिच्यात असते. परंतु दगडाच्या एका फेऱ्यात जेवढे मावेल तेवढेच. रडण्याला मर्यादा नसते, ओवीला असते. आमच्या मते तिच्यातील बरे करण्याचा गुण नेमका या मर्यादेत आहे. वेदना मोजक्या शब्दांत, ठरलेल्या लयीत बसविण्यासाठी माणसाला तिच्यापासून चार बोटे दूर व्हावे लागते. आणि जिच्यापासून दूर होता येते, त्या वेदनेची आपल्यावरील पकड सैल होते. तिसरी गोष्ट, ओवी कधी हवेत सोडलेली नसते. ती जात्यालाच देव मानून त्याला सांगितलेली असते, शेजारच्या बाईला, बहिणीला, भावाला उद्देशून असते. ऐकणारा कोणी तरी गृहीत धरल्याशिवाय ओवी होतच नाही.

आता दळणाची गिरणी गावोगाव आली आणि जाते कोपऱ्यात गेले. ही गिरणी बायकांच्या खांद्यांवर केवढा उपकार करून गेली हे विसरून चालणार नाही; जात्याच्या नावाने हळहळणारे बहुधा दळणारे नसतात. परंतु दगडाबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. ज्या स्त्रियांना ओव्या येतात त्या आज बहुतेक सत्तरीच्या पुढच्या आहेत. तरुणपणी जी ओवी कष्टाची सोबतीण होती, ती आता त्यांच्यापाशी वेगळ्या कामासाठी उरली आहे : मागे वळून पाहण्यासाठी. सासूबद्दल तक्रारीने गायिलेली ओवी स्वतः सासू, मग आजेसासू झालेली बाई गाते, तेव्हा शब्द तेच राहतात आणि अर्थ पालटतो. जिच्यावर रुसावे तिच्याच जागी आपण येऊन बसलो, हे कळण्याची ती जागा आहे. ताराबाई भवाळकरांनी स्त्रियांच्या लोकगीतांतून त्यांचा स्वतंत्र, प्रसंगी बंडखोर आवाज कसा ऐकू येतो हे अनेक ग्रंथांतून दाखविले आहे. ताराबाई २०२५ साली दिल्लीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या वयाच्या पंचाऐंशीच्या घरात. लोकसाहित्य ऐकण्यात गेलेल्या एका हयातीचा तो सन्मान उत्तरायुष्यात झाला, हेही या विषयाला साजेसेच आहे.

ओवीचा विषय निघाला की कॅथलिक वाचकाच्या मनात फादर थॉमस स्टीफन्स येणारच. इंग्लंडात जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. चाळीस वर्षे बहुतांशी साष्टी प्रांतात काढून त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय सदुसष्टच्या आसपास होते. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका परक्या देशात जन्मलेल्या माणसाने, तारुण्यात जी भाषा कधी कानांवरही पडली नव्हती त्या भाषेत, वार्धक्यात पूर्ण केला. त्याच काळात, आपल्या मराठवाड्यातील अंबाजोगाईस दासोपंत लांबलचक कापडाच्या पासोडीवर तत्त्वचिंतन लिहीत होते. त्यांचा मृत्यू १६१५ चा, म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’ छापले जाण्याच्या आदल्या वर्षीचा. हे दोघे एकमेकांस ठाऊक असण्याचा संभव नाही. परंतु ओवीच्या एकाच अंगणात ते उभे होते.

‘ख्रिस्तपुराण’ आपण धर्मग्रंथ म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु एका वृद्ध माणसाचे पुस्तक म्हणून ते वाचून पाहिले तर काय दिसते? मराठीची थोरवी सांगणारा त्यातील प्रसिद्ध भाग आपण भाषणांतून फार वेळा ऐकलेला आहे. तो ऐकताना असे वाटते, की हे नवशिक्याचे कौतुक नव्हे. ज्या भाषेने आपणांस घर दिले तिच्याविषयीचे हे कृतज्ञ माणसाचे बोलणे आहे. स्टीफन्स मायदेशी परत गेले नाहीत. आपल्या मायबोलीची उणीव त्यांनी दुसऱ्या बोलीत गाऊन भरून काढली, असे आम्ही म्हणू धजतो. हा आमचा तर्क आहे. तथापि ग्रंथाचा सूर त्याला पोषक आहे. आणि हेही विसरू नये, की हा ग्रंथ एकांतात वाचण्यासाठी नव्हता. नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या जुन्या पुराणांसारखे काही ऐकावयास हवे होते, म्हणून तो रचला गेला. उपवासकाळात देवळांतून तो गायिला जाई. ओवीला ऐकणारा लागतो, हा नियम येथेही दिसतो. १९०७ साली मंगळूरला आणि १९५६ साली पुण्यात देवनागरीत निघालेल्या आवृत्त्यांमुळे तो आपणांपर्यंत पोहोचला.

या लेखाचा कणा मात्र एका स्त्रीचे पुस्तक आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागली. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. म्हणजे पहिला भाग निघाला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या निवर्तल्या. टिळक दांपत्य आपल्या कॅथलिक परंपरेतले नव्हे. तथापि रेव्हरंड टिळकांची भक्तिगीते ज्या मंदिरांतून आपण गातो, त्या मंदिरांत लक्ष्मीबाई परक्या ठरू नयेत.

‘स्मृतिचित्रे’ हा मराठी आत्मचरित्रांतील मानाचा ग्रंथ आहे, हे सांगण्यासाठी आमची गरज नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्याच्या घडणीविषयी. १९१९ साली टिळक गेले. पुढे मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहू पाहत होता, आणि त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहून काढावयास सांगितले. म्हणजे लक्ष्मीबाईंनी लेखणी हाती घेतली ती स्वतःसाठी नव्हे. त्या पतीच्या चरित्राला सामग्री पुरविणार होत्या. परंतु लिहिता लिहिता घडले ते निराळेच. टिळक पुस्तकभर आहेत. मात्र डोळे लक्ष्मीबाईंचे आहेत. ज्या स्त्रीच्या आयुष्याचे सारे निर्णय आयुष्यभर दुसऱ्यांनी घेतले, तिने सहासष्टाव्या वर्षी एक निर्णय स्वतः घेतला : गोष्ट कोठून सांगावयाची, हा. आमच्या मते बरे होण्याचा पहिला टप्पा हाच. आयुष्यात जे आपल्या हाती नव्हते, ते सांगण्यात आपल्या हाती येते.

त्यांच्या वाट्याला आलेले दुःख लहान नव्हते. वडिलांचे सोवळ्याओवळ्याचे वेड, अकराव्या वर्षी लग्न, पती मनात येईल तेव्हा घर सोडून जाणारा; आणि मग १८९५ साली मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यांच्या अपरोक्ष. पतीचा नवा धर्म आणि आपले जुने जग यांच्यामध्ये त्या पाच वर्षे होरपळल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. एवढ्या सामग्रीवर दुसऱ्या एखाद्या लेखिकेने रडका ग्रंथ उभा केला असता आणि वाचकांनी डोळे पुसत त्याला मान दिला असता. लक्ष्मीबाईंनी ते केले नाही. त्या हसतात. टिळकांच्या विसराळूपणाला हसतात, वडिलांच्या सोवळ्याला हसतात, आणि सर्वांत अधिक स्वतःला हसतात. हे हसणे दुःख झाकण्यासाठी नाही. ज्या ठिकाणी दुखते त्या ठिकाणी त्या थांबतात, दोनचार साध्या वाक्यांत ते सांगतात आणि पुढे जातात. ओवी गाणारी बाई दगडाच्या एका फेऱ्यापुरतेच दुःख सांगते, तशी ही गद्य लिहिणारी बाई एका प्रसंगापुरतेच सांगते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या स्त्रीला ही शिस्त कोणी शिकविली? आमचा समज असा, की घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीने आणि जुन्या बायकांच्या गोष्टी सांगण्याच्या रीतीने.

या पुस्तकाची कसोटी पाहावयाची तर राहुरीचा भाग पाहावा. तेथे लक्ष्मीबाईंच्या मनातून जातिभेद गळून पडला. धर्मांतराच्या कथांत अशा जागी लेखक प्रवचन करतात. आपल्या नियतकालिकांतूनही तसे लेख पुष्कळ येतात. लक्ष्मीबाई प्रवचन करीत नाहीत. मनात प्रश्न कसा आला, त्याने कसे छळले आणि तो कसा सुटला, एवढेच त्या सांगतात. म्हणूनच ज्याला धर्मांतर मान्य नाही, तो वाचकही त्यांच्याबरोबर चालत राहतो. स्वतःच्या आयुष्याकडे त्यांना न्यायाधीश म्हणून पाहावयाचे नाही, आरोपी म्हणूनही नाही. साक्षीदार म्हणून पाहावयाचे आहे. ही दृष्टी विशीत किंवा तिशीत बहुधा येत नाही. तिला लांबचा पल्ला लागतो. वार्धक्य हे या पुस्तकाचे केवळ निमित्त नाही, ते त्याचे सामर्थ्य आहे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

येथे त्यांच्या दुसऱ्या कामाशी तुलना करणे उपयोगाचे ठरेल. टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूच्या जीवनावरील महाकाव्य सुरू केले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून ते जवळजवळ पूर्णत्वास नेले. शेवटचा हात देवदत्त टिळकांनी फिरविला आणि १९३८ साली ग्रंथ बाहेर पडला. चिकाटी म्हणून पाहिले तर हे काम ‘स्मृतिचित्रां’हून मोठे आहे. विधवा स्त्रीने पतीचा अर्धवट राहिलेला शब्द पुरा करावा, यात सांत्वनाचा एक प्रकार आहे आणि तो पवित्र आहे. तरीही साहित्य म्हणून वाचकांनी कौल दिला तो ‘स्मृतिचित्रां’ना, आणि तो कौल आम्हांस मान्य आहे. ‘ख्रिस्तायना’त लक्ष्मीबाई दुसऱ्याच्या मार्गावरून निष्ठेने चालतात, ‘स्मृतिचित्रां’त वाट त्यांची स्वतःची आहे. निष्ठेने मन शांत होते. परंतु ज्याला आपण अभिव्यक्ती म्हणतो, तिला स्वतःचा आवाज सापडावा लागतो. उत्तरायुष्यातील कलेबद्दल बोलताना या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. आपल्या वृद्धांच्या हातून आज जे लिहिले जाते, ते बरेचसे ‘ख्रिस्तायना’च्या जातीचे असते : आदरणीय, भक्तियुक्त, आणि दुसऱ्याच्या शब्दांत. त्यांच्याजवळचे ‘स्मृतिचित्र’ मात्र न लिहिलेलेच राहून जाते.

बाहेरच्या जगाकडे एक दृष्टिक्षेप टाकू. लक्ष्मीबाईंहून एका वर्षाने लहान असलेला फ्रेंच चित्रकार आंरी मातीस १९४१ साली पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचला, परंतु उभे राहून रंगविण्याची शक्ती त्याच्यात उरली नाही. अंथरुणावर आणि चाकाच्या खुर्चीवर बसून त्याने रंगविलेले कागद कात्रीने कापून चित्रे करण्यास आरंभ केला. त्याची शुश्रूषा केलेली एक तरुणी पुढे डॉमिनिकन संन्यासिनी झाली; तिच्याशी असलेल्या स्नेहातून त्याने व्हांस येथील जपमाळेच्या मातेचे प्रार्थनामंदिर काचेच्या खिडक्यांपासून धर्मगुरूच्या वस्त्रांपर्यंत स्वतः कल्पून उभारले. १९५१ साली त्याचे पवित्रीकरण झाले, तेव्हा तो एक्याऐंशी वर्षांचा होता. आणि आयुष्यभराच्या कामात हेच त्याला श्रेष्ठ वाटत होते. रोगाने त्याच्या हातातून कुंचला काढून घेतला, तेव्हा त्याने आपली कला आवरली नाही, तिचे रूप बदलले. उतारवयाची कला म्हणजे उरल्यासुरल्या शक्तीची कला असे आपण समजतो. येथे ती नव्या आरंभाची कला आहे.

विज्ञानही आता याच दिशेने बोलू लागले आहे. म्हातारी माणसे त्याच त्या आठवणी सांगतात हे बुद्धी मंदावल्याचे लक्षण होय, असा समज पूर्वी डॉक्टरांतही होता. १९६३ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी हा समज खोडून काढला. आयुष्याच्या अखेरीस मागील सारे तपासून पाहणे, जुने हिशेब मिटविणे ही मनाची स्वाभाविक क्रिया आहे, असे त्यांनी मांडले. तिला वाट मिळाली तर माणूस समाधानाकडे जातो. ती तुंबली तर खंत आणि विषाद उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आहे. गाणे, चित्र, नृत्य, लेखन यांचा मनाला व शरीराला उपयोग होतो, असा त्याचा एकूण कल आहे. तथापि कला हे औषध आहे असे म्हणताना सावध असावे. औषध एकट्याने घेता येते. ओवी एकट्याने होत नाही. आणि गोळी घेणाऱ्याला गोळी चांगली की वाईट हे ठरवावे लागत नाही. लिहिणाऱ्याला ते ठरवावेच लागते.

येथे आम्ही एका नाजूक प्रश्नापाशी येतो. आमच्यासारख्या त्रैमासिकांकडे येणाऱ्या टपालात वडीलधाऱ्या मंडळींच्या कविता आणि आठवणी यांचा भरणा मोठा असतो. त्यांचे काय करावे? दोन सोपे मार्ग आहेत. एक, वयाकडे पाहून सारे छापावे. दुसरा, दर्जाकडे पाहून बरेचसे परत करावे. पहिला मार्ग दयेचा वाटतो, परंतु त्यात अपमान आहे. ज्याच्याकडून आपण काही अपेक्षाच करीत नाही, त्याचे आपण कौतुक करतो; लहान मुलाच्या रेघोट्यांचे करतो तसे. दुसरा मार्ग न्यायाचा वाटतो, परंतु तो आळशीपणाचा आहे. कारण परत पाठविलेल्या दहा पानांत एखादे पान अस्सल असते आणि ते शोधण्याचे कष्ट आपण घेतलेले नसतात. तिसरा मार्ग कठीण, पण एकच खरा आहे : वाचावे, शेजारी बसावे आणि विचारावे. ‘आजोबा, मातृभूमीवरची ही कविता राहू द्या, निजामाची राजवट १९४८ साली गेली, तेव्हा तुमच्या गावात काय घडले ते लिहा.’ ‘आजी, १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीला भूकंप झाला, त्या पहाटे तुम्ही कोठे होता?’ देवदत्त टिळकांनी आईला विचारले नसते तर ‘स्मृतिचित्रे’ जन्मली नसती. मराठीतील एक श्रेष्ठ पुस्तक एका मुलाच्या विनंतीतून उगवले, ही गोष्ट प्रत्येक घरातील मुलांनी, सुनांनी आणि नातवंडांनी ध्यानात ठेवावी.

आपल्यापुढे अलीकडचे उदाहरणही आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत याच मराठवाड्यात, धाराशिव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा सत्तरी केव्हाच ओलांडलेली होती आणि प्रकृती साथ देत नव्हती. त्यांनी ‘सुबोध बायबल’सारखे प्रचंड काम पार पाडले आणि उत्तरायुष्यात ‘नाही मी एकला’ हे आत्मकथनही लिहिले. २०२४ च्या जुलैत ते प्रभूकडे गेले. वसईच्या शेतकरी घरातला मुलगा कोठून कोठे आला, हे जर त्यांनी लिहिले नसते तर आपण कोणाला विचारणार होतो?

१९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी दोन पत्रे लिहिली. एप्रिलमध्ये कलावंतांना आणि ऑक्टोबरमध्ये वृद्धांना. स्वतः पोपमहाशय तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे व आजाराने थकलेले होते, आणि तरुणपणी ते नाटककार व कवी होते. ही दोन पत्रे आपण निरनिराळ्या फडताळांत ठेवली. ती एकत्र वाचावीत, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजीआजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन पाळण्याचा प्रघात घातला. त्या दिवशी अनेक धर्मग्रामांत वृद्धांना गुलाबाचे फूल देतात, त्यांच्यासाठी खास मिस्सा होते, फोटो निघतो. हे सर्व चांगले आहे. परंतु त्या दिवशी त्यांचे कोणी ऐकते काय?

आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून एकदा वृद्धांना बोलते करावे. ज्यांना ओव्या येतात त्यांच्या ओव्या तरुणांनी ध्वनिमुद्रित कराव्यात. आज त्यासाठी खिशातला फोन पुरेसा आहे. ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहावे. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी नातवंडांनी लेखनिक व्हावे. शब्द मात्र त्यांचेच ठेवावेत. हदगावची बोली पुण्याची करू नये. आणि जे चांगले असेल त्याला चांगले म्हणावे, जे उसने असेल त्याला उसने म्हणावे. कारण प्रामाणिक वाचन हाही आदराचाच प्रकार आहे.

कलेने म्हातारपणाचे दुखणे जाते असा दावा आम्ही केलेला नाही. सांधे दुखतच राहतात, गेलेली माणसे परत येत नाहीत. परंतु जे आयुष्य सांगता येते ते सोसता येते, एवढे ओवीने, फादर स्टीफन्सनी आणि लक्ष्मीबाईंनी आपणांस दाखवून दिले आहे. जखऱ्याने पाटी मागितली तेव्हा ती कोणी तरी आणून दिली. शुभवर्तमानात त्या माणसाचे नाव नाही. आपल्या घरात ते काम आपले आहे.